आधी हवा, मग नट



रविवारी सकाळी कोणत्याही चाळीतून वा वस्तीतून फेरी मारली तर एक दृश्य हमखास दिसते. नळावर बायाबापड्यांची गर्दी असते, ओट्यावर पेपर वाचत वडीलधारी मंडळी बसलेली असतात, आणि जिन्याच्या तोंडाशी कुणाची तरी स्कूटर कलती केलेली किंवा रिक्षा विटांवर चढवलेली असते. चाक खाली निघालेले असते. घरचा कर्ता मुलगा हातात पाना घेऊन त्यावर ओणवा झालेला असतो आणि त्याच्याभोवती पाच-सात वर्षांची पोरे उकिडवी बसलेली असतात. चाक उघडताना पाहणे ही त्यांची फुकटची सर्कस!

घरी चाक उघडण्याला आमचा विरोध मुळीच नाही. रिक्षा ज्याची रोजीरोटी आहे त्याला पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर दोन तास ताटकळत बसणे परवडत नाही. गाडी शेठची आणि आपण शिफ्टवर, असे असेल तर दोन तास गेले तरी शेठचे भाडे काही कमी होत नाही. ज्या घरात चार पाने आणि एक पायपंप आहे त्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने हे काम शिकून घ्यावे, आणि मुलींनीही शिकावे असेच आमचे मत आहे. परंतु या चाकात एक गोष्ट अशी आहे की ती माहीत नसेल तर हात, जबडा किंवा डोळा कायमचा जाऊ शकतो. ती सांगायला अर्धे मिनिट पुरते. तरीही बाप मुलाला हे काम शिकवतो तेव्हा पाना कसा धरावा ते सांगतो, नट हरवू नयेत म्हणून ताटलीत ठेवावेत तेही सांगतो. पण ही गोष्ट सांगायची राहून जाते. म्हणून आजचे सदर तिच्यासाठी.

सायकलचे चाक सर्वांनी पाहिलेले आहे. त्याची रिम एकसंध असते आणि टायर पट्टीने उचकटून एका अंगाने बाहेर काढतात. मोटारीच्या नेहमीच्या चाकाचेही तत्त्व तेच. बजाज चेतकसारख्या जुन्या स्कूटरींचे आणि आपल्या तीनचाकी रिक्षांचे चाक मात्र वेगळ्या जातीचे आहे. त्याची रिम दोन भागांची असते. पत्र्याचे दोन खोलगट थाळे पाठीला पाठ लावून नट-बोल्टांनी जोडले तर कडेने जशी खोबण तयार होईल, तशी ती रिम. या लेखापुरते आपण त्या दोन भागांना थाळेच म्हणू. त्या खोबणीत टायर आणि टायरच्या पोटात ट्यूब.

हा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तारा असतात. रबर ताणले जाते, पण कड ताणली जात नाही. एकसंध रिमवर टायर चढवायचा तर रिमच्या मध्यभागी खोल घळ ठेवावी लागते. टायरची एक बाजू त्या घळीत ढकलली की समोरची बाजू रिमच्या काठावरून सुटते. रिक्षाचे चाक असते आठ इंची आणि चेतकचे दहा इंची. टायर जाड आणि ताठ, चाक लहान, आणि त्याच चाकाच्या पोटात ब्रेकचा ड्रमही बसवायचा. घळ ठेवायला जागाच उरत नाही. मग कारागिरांनी वाट काढली ती अशी, की टायर उचकटण्याऐवजी रिमच उघडावी. विमानांच्या चाकांतही दोन भाग बोल्टांनी जोडलेले असतात. इटलीत १९४६ साली व्हेस्पा स्कूटर निघाली, तिचा रचनाकार कोराडिनो द'आस्कानियो हा मूळचा विमाने आणि हेलिकॉप्टरांचा इंजिनिअर. त्याला मोटरसायकल फारशी आवडत नसे, आणि त्याची एक मोठी तक्रार होती ती हीच, की रस्त्यात पंक्चर झाले तर सामान्य माणसाला चाक काढता येत नाही. म्हणून त्याने चाक मोटारीसारखे एका बाजूने बसवले. आपल्याकडे बजाजने १९६० च्या सुमारास व्हेस्पा बनवायला घेतली, १९७२ साली चेतक आली, आणि ते चाक घरोघर पोहोचले. (२०२० पासून चेतक याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर निघते, तिचा येथे संबंध नाही.) म्हणजे हे चाक मुळात घरीच उघडता यावे म्हणून केलेले आहे. त्याचा दोष नाही.

जाता जाता, जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो तो शब्दही मोठा गमतीचा. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात लानेली नावाचे गाव आहे. तेथील स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली मोटारींसाठी जादा चाक तयार झाले आणि त्या रस्त्याचेच नाव त्याला पडले. आमच्या रिक्षावाल्या बांधवांच्या तोंडी शंभरावर वर्षांनी त्या गल्लीचे नाव आहे. असो.

आता मूळ मुद्दा. या चाकाला दोन जातींचे नट असतात. पहिल्या जातीचे नट चाकाला गाडीच्या ड्रमवर धरून ठेवतात. ते सोडले की चाक अखंड हातात येते, आणि त्यात हवा असली तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या जातीचे नट दोन थाळ्यांना एकमेकांशी धरून ठेवतात. ते सोडले की चाकच उघडते. दोन्ही जातींचे नट एकाच चाकात, थोड्या अंतरावर, दिसायला सख्ख्या भावांसारखे. घाईत, अंधारात किंवा चिखल बसलेला असताना नवख्याचा पाना भलत्याच नटावर बसतो. आणि ट्यूबमध्ये हवा भरलेली असताना दुसऱ्या जातीचे नट सुटत गेले, तर उरलेल्या एक-दोन नटांवर सगळा भार येतो, त्यांचे आटे सुटतात आणि वरचा थाळा माणसाच्या तोंडावर येतो. तोंड तर नेमके त्यावरच ओणवे असते!

कुणी म्हणेल, स्कूटरच्या टायरात हवा ती केवढी? आम्ही वाणिज्य शाखेचे, आयुष्यभर खर्डेघाशी केलेले, तेव्हा हिशेबानेच बोलू. दहा इंची रिमवरचा साडेतीन इंची टायर घ्या. त्याची बाहेरची गोलाई सुमारे सतरा इंच व्यासाची. हवा टायरच्या बाजूच्या भिंतीवर जो दाब देते, त्यातला भिंतीच्या आतल्या निम्म्या भागाचा दाब रिमच्या थाळ्यावर येतो आणि बाहेरच्या निम्म्याचा टायर स्वतःच पेलतो, असे ढोबळ धरले तर थाळ्याच्या वाट्याला आले सुमारे ६४ चौरस इंच. हवा भरली आहे २५ पौंड, म्हणजे दर चौरस इंचाला २५ पौंड. पंक्चरवाला नुसता 'पंचवीस पौंड' म्हणतो तेव्हा चौरस इंच हा शब्द तो गिळतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की एकूणच पंचवीस पौंड, म्हणजे अकरा-बारा किलो. तसे नव्हे. ६४ गुणिले २५ म्हणजे १६०० पौंड, म्हणजे सव्वासातशे किलो. शंभर किलोची सात पोती एकावर एक रचावीत एवढा जोर तो थाळा दुसऱ्या थाळ्यापासून दूर ढकलीत असतो. डबलसीटसाठी मागच्या चाकात हवा जास्त भरतात, तेथे हा आकडा आणखी वाढतो. गाडी उभी असो की चालती, चाक ड्रमवर असो की अंगणात पडलेले, ती सात पोती तेथे असतातच. त्यांना बाहेर काढायची वाट एकच, व्हॉल्व्ह.

येथे एक बारकावा आहे, तो फार थोड्या लोकांच्या लक्षात येतो. घरी चाक उघडायची सवय लागते ती पंक्चरमुळे. पंक्चर चाकातली हवा आपोआप गेलेली असते, म्हणून नट सरळ सोडले तरी काही होत नाही. असे दहा वेळा झाले की हात निर्ढावतो. मग अकराव्या वेळी पंक्चर नसते. टायर झिजून गुळगुळीत झालेला असतो, म्हणून नवा घालायचा असतो, किंवा स्टेपनीवरचा बरा टायर पुढच्या चाकाला चढवायचा असतो. आता चाकात हवा पुरेपूर आहे आणि हाताला सवय मात्र रिकाम्या चाकाची. खरा धोका असतो तो चांगल्या चाकाला. तीच गोष्ट सावकाश उतरणाऱ्या पंक्चरची. टायर बसल्यासारखा दिसतो, पण खिळा ट्यूबमध्ये रुतून बसल्यामुळे निम्मी हवा आतच असते. डोळ्यांनी पाहून हवेचा अंदाज करू नये.

तेव्हा कामाचा क्रम सांगतो. पोरांना आधी उठवून लांब पाठवावे. रागावून नव्हे, दुसरे काम देऊन. गाडी सपाट जागी लावावी. स्कूटर कलती करायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि जवळपास स्टोव्ह, चूल, विडी-सिगारेट काही नसावे. खाली लाकडाचा ठोकळा द्यावा. नुसत्या विटेवर भरवसा ठेवू नये, वीट फुटते. रिक्षा चार जणांनी उचलून कलती करण्याची रीत आहे, पण माणसांनी धरलेल्या रिक्षेखाली हात घालणे बरे नव्हे. जॅक लावावा, ठोकळा सरकवावा, मगच चाकाला हात लावावा. कोणता नट कोणत्या जातीचा याबद्दल तिळमात्र शंका असेल तर चाक गाडीवर असतानाच सगळी हवा काढून टाकावी. मग भलताच नट सुटला तरी हसण्यावारी जाईल.

चाक खाली आले की ते जमिनीवर आडवे ठेवावे. व्हॉल्व्हची टोपी काढावी. आतल्या पिनेचे टोक काडीने दाबून हवा सोडावी. फुस्स आवाज थांबला म्हणजे काम झाले असे समजू नये. आता पिन फिरवून पूर्ण बाहेर काढावी. पिन काढण्याचा छोटा पाना मिळतो. काही धातूच्या टोप्यांचे चिरलेले टोकही हेच काम करते. भरलेल्या चाकाची पिन आधी हवा न सोडता फिरवू नये, ती गोळीसारखी उडते आणि मग शोधत बसावे लागते, ते डोळा वाचला तर. पिन निघाली की व्हॉल्व्हच्या नळीत बारीक तार घालून पाहावी. पावसाळ्यात नळीत चिखल दाटतो. पिन दाबली तर हवा येत नाही आणि माणसाला वाटते चाक रिकामे आहे. तार आरपार गेली, हवा निघेनाशी झाली, की टायरवर पाय देऊन उभे राहावे. टायर पायाखाली मेलेल्या सारखा बसला पाहिजे. चेंडूसारखा उसळला तर अजून हवा आहे. पिन बाहेरच ठेवावी, खिशात टाकावी. खिशात पिन असल्याशिवाय दुसऱ्या जातीच्या नटाला पाना लावायचा नाही, एवढा एक नियम घरात करून टाकावा.

बराच काळ न उघडलेल्या चाकात टायरची कड गंजलेल्या रिमला चिकटून बसते. टाचेने टायर कडेकडेने दाबत चाकाभोवती एक फेरी मारावी, उलटे करून दुसरी मारावी. सुटत नसेल तर साबणाचे पाणी सोडावे. रॉकेल, ग्रीस किंवा इंजिनचे जुने ऑइल टायरला लावू नये, रबर खराब होते. मग नट सोडावेत, तेही समोरासमोरचे आणि प्रत्येक थोडा थोडा. एक नट पूर्ण काढून मग दुसऱ्याला हात घालायचा, असे करू नये. नट पहिल्यांदा सुटताना जड जाणे साहजिक आहे, गंज असतो. पण सुटल्यानंतरही तो जडच राहिला आणि थाळ्यांमध्ये फट आपोआप रुंदावू लागली, तर तेथेच पाना टाकून बाजूला व्हावे. आत हवा आहे. पुन्हा व्हॉल्व्हकडे यावे, पण बाजूने, वरून ओणवे होऊन नव्हे. गंजून बसलेल्या नटाला गॅसने किंवा स्टोव्हने तापवण्याची कल्पना कुणी काढील. टायर रिमवर असताना रिम तापवू नये, हवा काढलेली असली तरी नाही. आतले रबर तापून वायू सुटतो आणि टायर फुटतो.

चाक उघडले की निम्मे लोक थेट ट्यूबकडे धावतात. आम्ही म्हणतो, आधी थाळे पाहा. तारेच्या ब्रशाने गंज काढा, फडक्याने पुसा आणि उजेडात धरून बोल्टांच्या भोकांभोवती बोट फिरवा. भोक लांबट झाले असेल, त्याच्या कडेला केसासारखी चीर असेल, बोल्टाचे आटे चपटे झाले असतील, पत्रा गंजून पापुद्रे सुटत असतील, तर तो थाळा भंगारात द्यावा. चीर वेल्डिंग करून चालवणारे महाभाग आहेत. वेल्डिंगने चीर झाकली जाते आणि शेजारचा पत्रा कमजोर होतो. दोन वेगळ्या गाड्यांच्या चाकांचे थाळे जुळवून एक चाक करण्याचा उद्योगही करू नये. भोके जुळतात म्हणजे कडा जुळतात असे नाही. टायरच्या आत खिळा किंवा काच शोधताना उघडे बोट फिरवू नये, फडके फिरवावे. ते अडकेल तेथे काय ते सापडेल.

बसवताना घरच्या कारागिराचे हमखास नुकसान होते ते ट्यूब चिमटण्याने. दोन थाळ्यांच्या मध्ये ट्यूबची घडी सापडते, नट आवळले जातात, हवा भरताच ट्यूब फाटते, आणि नव्या ट्यूबचे पैसे पाण्यात. त्याला उपाय सोपा आहे. ट्यूबमध्ये नुसता आकार येईल एवढीच, तोंडाने फुंकल्यासारखी थोडी हवा भरावी. तिला शंखजिऱ्याची पूड चोळावी, म्हणजे ती टायरला चिकटत नाही. व्हॉल्व्ह आपल्या खाचेत सरळ बसवावा. दोन्ही थाळे जुळवून, नट लावण्यापूर्वी, फटीतून सगळीकडून डोकावून पाहावे. काळे रबर दिसले की बोटाने आत ढकलावे. मग समोरासमोरचे नट थोडे थोडे करीत आवळावेत. पान्याला नळी लावून दुप्पट जोर देऊ नये, आटे जातात. सगळे नट नीट बसल्याशिवाय आणि मोजून पुरे झाल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. एक नट हरवला म्हणून बाकीच्यांवर भागवणे हे हवेच्या बाबतीत चालत नाही. ती सात पोती उरलेल्या नटांत वाटली जातात.

हवा भरताना चाक आपल्या तोंडासमोर उभे धरू नये, मांडीवर तर मुळीच घेऊ नये. आडवे ठेवून, पंपाची नळी ताणून, बाजूला उभे राहून भरावी. आधी थोडी भरून टायरची कड रिमवर चहूकडे सारखी बसली आहे की नाही ते पाहावे. एकदा हवा सोडून पुन्हा भरली तर ट्यूबच्या सुरकुत्या निघतात. घरच्या पायपंपाचा एक गुण असा की दाब हळूहळू चढतो आणि माणसाला विचार करायला वेळ मिळतो. कॉम्प्रेसरची नळी लावली की दोन सेकंदांत आकडा कुठल्या कुठे जातो. गाडीच्या पुस्तकात पुढच्या आणि मागच्या चाकासाठी जो आकडा दिला आहे तो घरात भिंतीवर लिहून ठेवावा आणि हवेचे मीटर लावूनच थांबावे.

आमच्या वाचकांत मोटार चालवणारे नोकरदार ड्रायव्हर पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपगाड्यांना दोन भागांच्या, बोल्टांनी जोडलेल्या रिमा असत, आणि जुन्या जीपा हौसेने सांभाळणाऱ्यांकडे त्या अजून आढळतात. त्यांना वर सांगितलेले सर्व नियम लागू आहेत, आणि तेथे जोर स्कूटरच्या कित्येक पट. शेठच्या नव्या महागड्या मोटारीच्या चकचकीत चाकावर गोलाकार बारीक बोल्ट दिसतात, तो प्रकार निराळा. त्यातले काही बोल्ट नुसते शोभेचे असतात आणि काही खरोखरच चाकाचे भाग धरून असतात. पण टायर बदलण्यासाठी ते उघडायचेच नसतात. टायर मशीनवर नेहमीसारखा निघतो. साहेबांचे चाक धुताना त्या बोल्टांना पाना लावू नये.

आणि ट्रक. हे आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले, कारण याबद्दल घरी करण्यासारखे काहीच नाही. जुन्या पद्धतीच्या ट्रकच्या आणि एसटीसारख्या मोठ्या गाड्यांच्या वीस इंची चाकांना थाळे नसतात. एका बाजूने पोलादी रिंग खाचेत बसवलेली असते आणि टायरमधल्या हवेच्या दाबानेच ती जागेवर राहते. टायरमध्ये हवा शंभर पौंडांच्या आसपास. वरचाच हिशेब तेथे मांडला तर जोर येतो वीस टनांच्या घरात, म्हणजे भरलेला सहाचाकी ट्रक. रिंग नीट बसलेली नसेल, वाकलेली किंवा गंजलेली असेल, किंवा दुसऱ्याच चाकाची असेल, तर हवा भरता भरता ती सुटते. सुटल्यावर ती सरळ वर किंवा समोर जाते आणि वाटेत जे असेल ते तोडते. वाटेत असतो तो हवा भरणारा मुलगा.

हमरस्त्यांवरील ट्रक टर्मिनलपाशी, धाब्यांच्या शेजारी, टिनाच्या शेडमध्ये हे काम चालते. काम करणारी पोरे कुणाची असतात ते आमच्या वाचकांना सांगायला नको. गावाकडून आलेली, शाळा सुटलेली, 'धंदा शीक' म्हणून मामा-काकांनी चिकटवलेली. त्यांच्याकडे चाकाला गुंडाळायला एक साखळी असते, किंवा तीही नसते. मग चाकावर स्वतः उभे राहतात. अमेरिकेत या कामासाठी कामगार सुरक्षा खात्याने १९८० साली स्वतंत्र नियम केले आणि १९८४ साली ते एकसंध रिमांनाही लागू केले. त्यातील गोष्टी काही फार खर्चाच्या नाहीत. गाडीवरचे चाक भरताना एरवी काही सवलती आहेत, पण सुटे चाक भरायचे तर ते लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच. हवेची नळी व्हॉल्व्हला चिमट्याने अडकणारी, म्हणजे हाताने धरून ठेवावी लागत नाही. नळी इतकी लांब की माणूस रिंगेच्या वाटेबाहेर उभा राहू शकेल. चाक उघडण्याआधी पिन काढून पूर्ण हवा सोडलेली. चिरलेली, वाकलेली रिंग कामातून बाद, आणि तिला तापवणे वा वेल्डिंग करणे बंद. हवा फारच कमी असताना चाललेला टायर गाडीवरच पुन्हा भरायचा नाही. आधी सगळी हवा काढायची, चाक उतरवायचे, उघडून तपासायचे. पिंजरा म्हणजे काय, तर जाड नळ्यांचा एक चौकोन. जो वेल्डर वस्तीत खिडक्यांच्या जाळ्या बनवतो त्याला तो बनवता येईल असे वाटेल. पण पातळ नळ्यांचा पिंजरा नसल्यापेक्षाही वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस जवळ उभा राहतो. तयार, मजबूत पिंजरा दुकानमालकाने विकत घ्यावा. कॉम्प्रेसरला पैसे मिळतात तर पिंजऱ्यालाही मिळतील.

आपला मुलगा, भाऊ, पुतण्या अशा दुकानात असेल तर घरच्यांनी एकदा तेथे जाऊन यावे. मालकाशी भांडायला नव्हे, पाहायला. पिंजरा आहे का, हवा भरताना मुलगा कोठे उभा राहतो, नळी हाताने धरावी लागते का, हे पाच मिनिटांत कळते. चौदा वर्षांखालचा मुलगा असल्या दुकानात पगारावर ठेवणे बेकायदा आहे, तो कुणाच्याही ओळखीने लागलेला असो. मोठ्या मुलाच्या बाबतीत कामावर असल्याचा काहीतरी कागद घरात असावा: पगाराची चिठ्ठी, हजेरीचे पान, मालकाने सहीनिशी दिलेली पावती, काहीही. कामावर झालेल्या इजेबद्दल भरपाई मागण्याची तरतूद आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे, परंतु तो माणूस तेथे कामाला होता हेच सिद्ध करता येत नाही म्हणून कितीतरी प्रकरणे उभीच राहत नाहीत, हे आम्ही सामाजिक कामात वारंवार पाहिले आहे. आणि दुर्दैवाने तशी वेळ आलीच, तर रुग्णालयात नेणारा मालकाचा माणूस घाईघाईने 'पडून लागले' असे सांगतो, आणि तेच केसपेपरवर जाते. घरच्यांपैकी एकाने त्याच वेळी डॉक्टरांजवळ उभे राहून काय घडले ते सांगावे: चाकात हवा भरत होता, रिंग उडाली, अमुक दुकानात, अमुक वाजता. तेवढे लिहून घ्यावे आणि केसपेपरची झेरॉक्स त्याच दिवशी काढून ठेवावी.